नाकारलेल्यांचा कप्पा

मी एकशे चाळीस माणसं तयार केली होती. त्यांतल्या कोणालाच घर नव्हतं, शाळा नव्हती, लग्नही नव्हतं. प्रत्येकाला फक्त एक नाव, वय, वजन आणि रक्ताची एक तपासणी. एका माणसाला एक कार्ड, आणि सगळी कार्डं बुटांच्या एका खोक्यात, आडनावाच्या क्रमाने. चौतीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात तालिका करण्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, पण बोटांची सवय गेली नाही.

ही माणसं माझ्या सुनेच्या कामासाठी होती. ती एका लहान कंपनीत आहे. तिथे दवाखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनतं. यंत्र रक्त तपासतं आणि रिपोर्टची एक फाईल काढतं. सॉफ्टवेअर ती फाईल रुग्णाच्या नावाशी जुळवून डॉक्टरकडे पाठवतं. जी जुळत नाही ती बाजूला ‘रिजेक्टेड’ नावाच्या फोल्डरमध्ये पडते. पुढे कोणीतरी ती हाताने बघावी, अशी अपेक्षा. सुनेचं काम हे सगळं नीट चालतं की नाही ते तपासण्याचं. ते ती हाताने करत नाही, त्यासाठी स्क्रिप्ट लिहिते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेली कामांची यादी: हे उघड, ते पाठव, इतके मोज, बरोबर आलं तर हिरवं दाखव, नाहीतर लाल. निदान मला तरी ते असं समजलं आहे.

लग्न होऊन ती घरी आली तेव्हापासून तिच्याशी काय बोलावं हे मला फारसं सुचत नसे. एकदा तिनेच विचारलं, “बाबा, तुम्हाला माणसांची खोटी नावं सुचतील का? खऱ्या रुग्णांची वापरायला बंदी आहे.”

माझा मुलगा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, “बाबांना खऱ्या माणसांशी बोलताना घाम फुटतो. खोटी हवी तेवढी देतील.”

टोमणा होता, पण खोटा नव्हता. मी दिली. लांबलचक नावांची, एकाच अक्षराची, नावाआधी दोन टिंबं असलेली, दोन आडनावं मध्ये आडवी रेघ घालून जोडलेली. तिने तिच्या वरिष्ठांना विचारून घेतलं आणि घरातला जुना लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला. रोज सकाळी आठ वाजता तिची स्क्रिप्ट त्यावर चालायची. एकशे चाळीस रिपोर्ट जायचे, आणि शेवटी रिजेक्टेडमध्ये किती पडले ते मोजलं जायचं. शून्य असले की हिरवं.

आता जे सांगायचं आहे ते मला थोडं जड जातं.

साधारण दोन महिन्यांपूर्वी मी तिच्या शेजारी बसून पडद्याकडे बघत होतो. तिथे फोल्डरांची नावं कशीही लिहिलेली होती. कुठे पहिलं अक्षर मोठं, कुठे सगळीच मोठी, कुठे दोन्हींची भेळ. मला राहवेना. आमच्याकडे एकाच लेखकाचं नाव तीन कार्डांवर तीन तऱ्हांनी पडलं की तो लेखक हरवलाच म्हणून समजायचं. मी चाचरत म्हणालो, “सगळी लहान अक्षरांतच लिहिली तर? म्हणजे मला त्यातलं काही कळत नाही, पण...”

“बाबा, एक नंबर!” ती म्हणाली. “हे मी कधीचं करायचं म्हणत होते.”

तिने त्याच दुपारी फोल्डरांची नावं लहान अक्षरांत केली, स्क्रिप्टमध्येही एका फटक्यात बदलली. मी नव्या नावांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून टेबलाच्या वर भिंतीला चिकटवली. खरं सांगायचं तर पुढचे दोन दिवस मी मनातून फुगलो होतो.

आणि त्यानंतर सलग तीन आठवडे हिरवं. त्याआधी अधूनमधून लाल ठिपके असायचे. आता एकही नाही. सुनेने त्याचा तक्ता करून भिंतीला लावला. कंपनीत तिचे पहिले सहा महिने शुक्रवारी संपत होते. त्या दिवशी अकरा वाजता तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं आणि सोमवारी ते सॉफ्टवेअर एका दवाखान्यात सुरू होणार होतं. ठरवणारे तिचे वरिष्ठ. घरात ती त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणायची, कारण ते कोणाचाही कागद हातात घेतला की आधी समास बघत.

“तुमची लहान अक्षरं लाभली, बाबा,” ती बुधवारी म्हणाली. मी चष्मा पुसला. असं काही ऐकलं की मला दुसरं काही सुचत नाही.

महिन्यातून एकदा, गुरुवारी, मी पडताळणी करायचो. कोणी सांगितलेलं नव्हतं. खोक्यातली कार्डं आणि संगणकातल्या फाईली यांची संख्या जुळते का, एवढंच. ग्रंथालयात वर्षातून एकदा करायचो ती सवय. त्या गुरुवारी सून आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कोणाशी तरी बोलत होती. मी पाठवलेल्यांचं फोल्डर मोजलं. एकशे तेहतीस. पुन्हा मोजलं. एकशे तेहतीस. मग सहज म्हणून रिजेक्टेड उघडलं. त्यात सात फाईली होत्या.

पहिला विचार आला तो हाच, की मी काहीतरी भलतंच उघडलंय. बंद करून पुन्हा उघडलं. सात. जुन्या असतील म्हणावं तर सॉफ्टवेअर रोज सुरुवातीला ते फोल्डर रिकामं करतं, हे तिनेच मला सांगितलं होतं. शिवाय प्रत्येकीवर त्याच दिवशीची तारीख, आठ वाजून काही मिनिटं. मी त्या सात जणांची कार्डं खोक्यातून काढली. सगळ्यांना दोन-दोन आडनावं होती, मध्ये आडव्या रेघेने जोडलेली.

आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या दिवसाचा चौकोन हिरवा.

मी उठून बाल्कनीत गेलो आणि कुंड्यांना पाणी घालू लागलो. एका कुंडीतून पाणी ओसंडून खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं तेव्हा भानावर आलो. आयुष्यभर माझं असंच झालं आहे. दुसऱ्याची चूक दिसली की आधी वाटतं आपलंच चुकतंय, आणि खात्री पटेपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असते.

जेवताना मी दोनदा तोंड उघडलं.

“काय हवंय बाबा? मीठ?”

“नको. म्हणजे हो, मीठच.”

मीठ घेतलं. जेवण खारट झालं. ते मी मुकाट्याने संपवलं.

तीन वाजता ती चहाला बाहेर आली, तेव्हा मी सात कार्डं टेबलावर ओळीने मांडून ठेवली होती. मनात म्हटलं, तोंडातून शब्द फुटला नाही तर कार्डं तरी बोलतील.

“हे काय, पत्ते खेळायचेत?”

“नाही गं. माझीच मोजण्यात चूक असेल.”

“कसली मोजणी?”

“सात आहेत.”

“सात काय, बाबा?”

“रिजेक्टेडमध्ये. आजचे.”

ती हसली. “शक्यच नाही. सकाळी हिरवं आलंय.” असं म्हणत तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, आणि मग तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. चहाचा कप तिने टेबलावर ठेवला तो नेमका एका कार्डावर. मी हळूच कार्ड ओढून घेतलं.

तिने स्क्रिप्ट उघडली. “हे बघा. ह्या फोल्डरमध्ये जा. फाईली मोज. शून्य असतील तर हिरवं. साधं सरळ आहे.”

“मग शून्य आलं कुठून?”

“तेच तर.”

तिने ती ओळ आणखी दोनदा नजरेखालून घातली. शेवटी मी म्हणालो, “छापखान्यातली मुद्रितं तपासताना आम्ही एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने कागद बघायचा. नुसत्या डोळ्यांना जे असायला हवं तेच दिसतं.”

“वाचा.”

मी भिंतीवरची माझी यादी वाचली आणि ती पडद्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवत गेली. डी. दोन टिंबं. उलटी तिरकी रेघ. टी, ई, एस, टी, एस. पुन्हा उलटी तिरकी रेघ. आर, ई, जे... एकेक अक्षर तंतोतंत जुळलं:

d:\tests\rejected

“बरोबर आहे,” मी म्हणालो, आणि मला उगाचच अपराधी वाटलं.

सून नखं कुरतडत होती. एकदम थांबली. “एक मिनिट. मी काय लिहिलंय ते राहू दे. त्याने काय वाचलंय ते बघू या.” तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: जिथे जाणार आहेस तो पत्ता आधी पडद्यावर लिहून दाखव. बटण दाबलं. पडद्यावर उमटलं:

ejected ests

“हा कसला पत्ता?” मी विचारलं. “ह्या नावाचं आपल्याकडे काहीच नाही.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून अगदी शांतपणे, स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगू लागली. “बाबा, ही जी उलटी रेघ आहे ना, फोल्डरांच्या पत्त्यात ती नुसती वेगळं करायला असते. घर, मग खोली, मग कपाट. पण स्क्रिप्टच्या भाषेत तिचा अर्थ वेगळा. ती दिसली की संगणक समजतो, पुढचं अक्षर वाचायचं नाही, तो हुकूम आहे. लहान टी म्हणजे थोडी जागा सोडून पुढे जा. लहान आर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत ये.”

“म्हणून टी आणि आर गायब?”

“गायब. टीच्या जागी मोकळी जागा आली, आणि आरने त्याला मागे नेऊन आधीच्याच अक्षरांवर लिहायला लावलं. असा पत्ता कुठे नाहीच. तो तिथे गेला, त्याला काही सापडलं नाही, शून्य म्हणाला आणि हिरवं करून मोकळा झाला.”

“पण सॉफ्टवेअरला तर ते फोल्डर सापडतंय. सात त्यानेच टाकल्यात.”

“त्याचा पत्ता वेगळ्या फाईलमधून येतो. तिथे हा नियम नाही.”

“आणि आधी? महिन्याभरापूर्वी हे चालत होतं.”

 तिची नजर भिंतीवरच्या माझ्या यादीवर गेली, आणि मला उत्तर कळलं. मोठ्या टीला आणि मोठ्या आरला तसला हुकूम नसतो. नावं मोठ्या अक्षराने सुरू होत होती तोवर रेघ नुसती रेघ होती. मी ती लहान करायला लावली आणि त्या दिवसापासून तिची स्क्रिप्ट रोज सकाळी आठ वाजता नसलेल्या खोलीत जाऊन येत होती.

“म्हणजे हे माझ्यामुळे,” मी म्हणालो.

“सुचवलं तुम्ही. केलं मी. आणि पोचलेले किती ते वेगळं मोजायला हवं होतं, तेही मी केलं नाही. नाकारलेले शून्य म्हणजे सगळे पोचले, असं धरून चालले.” मग तिने टेबलावर कपाळ टेकवलं. “उद्या अकरा वाजता मी तो तक्ता घेऊन जाणार होते, बाबा.”

त्या दिवशी मुलगा लवकर घरी आला. त्याने सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता म्हणाला, “मग एवढं काय? उद्याचं होऊन जाऊ दे. शनिवारी दुरुस्त कर, रविवारी त्यांना सांग की सात लाल आलेत. कोणाला कळणारे?”

मला हे लिहायला संकोच वाटतो, पण माझ्याही मनात तेच होतं. ती कायम झाली असती आणि माझ्या यादीचा विषय कुठेच निघाला नसता. मी मूग गिळून बसलो.

सून टेबलावरची कार्डं गोळा करत होती. एका कार्डापाशी थांबली. “ही कोण?”

“बासष्ट वर्षांची बाई,” मी सांगितलं. “दोन आडनावं. साखर चारशे दहा.”

“चारशे दहा. आणि हिचा रिपोर्ट कदाचित तीन आठवडे डॉक्टरकडे गेलेला नाही.”

“ती खोटी आहे गं,” मुलगा म्हणाला.

“सोमवारी खरी असेल. आणि दवाखान्यातल्या लोकांनी ते फोल्डर उघडलंच नाही तर? आपण तरी कुठे उघडलं होतं?”

मुलाने दुसरा बूट काढला आणि जोडी कपाटात ठेवली. तिने हेडमास्तरांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. बहुधा एकटीने ऐकायचा धीर होत नसावा.

तिने काही न लपवता सांगितलं. 

“म्हणजे तीन आठवडे तुम्ही मला हिरवं दाखवत होतात,” हेडमास्तर म्हणाले.

“हो, सर.”

“आणि ते कुठे बघत होतं?”

“कुठेच नाही, सर.”

“कसं कळलं?”

“माझ्या सासऱ्यांनी हाताने मोजलं.”

मी स्वयंपाकघराच्या दाराआड सरकलो. का, ते सांगता येणार नाही. फोनवरचा माणूस मला थोडाच बघू शकत होता?

“सोमवारचं मी थांबवतो,” ते म्हणाले. “तुम्ही उद्या अकराला या. तो तक्ता आणू नका. पुन्हा असं झालं तर आपल्याला कळेल कसं, ते घेऊन या.”

दुरुस्ती एका मिनिटाची होती. प्रत्येक उलटी रेघ दोनदा लिहायची. दोन आल्या की संगणक समजतो, हुकूम नाही, साधी रेघच म्हणायची आहे. तिने ते केलं आणि स्क्रिप्ट चालवली. लाल. सात. इतकं लाल बघून कोणाला बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण आमच्या दोघांचाही जीव भांड्यात पडला.

“आता हा पत्ता बरोबर झाला,” ती म्हणाली. “फोल्डर जागेवर आहे का, तेही आधी बघायला सांगते. पण उद्या आणखी कशाने तरी डोळे गेले, तर पुन्हा शून्यच येणार ना? शून्य म्हणजे सगळं ठीक की बघितलंच नाही, हे ओळखायचं कसं?”

मला एक गोष्ट आठवत होती. ती सांगावी की नाही यात पाच-दहा मिनिटं गेली.

“आमच्याकडे वार्षिक पडताळणी असायची,” मी शेवटी म्हणालो. “काही जण कपाटापाशी न जाताच चहाच्या टपरीवर बसून यादीवर खुणा करायचे. सगळं बरोबर, एकही पुस्तक चुकीच्या जागी नाही. मग मी... हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, जरा लबाडीचंच आहे.”

“सांगा ना.”

“मी आदल्या दिवशी शिवणकामाचं एक पुस्तक भौतिकशास्त्राच्या कपाटात ठेवायचो. मुद्दाम. ज्याच्या अहवालात ते सापडायचं त्याने कपाट बघितलं. ज्याचा अहवाल निर्दोष, त्याने नाही.”

मुलगा खोलीच्या दारात उभा होता. “बाबा! तुम्ही? तुम्ही तर अगदी नाकासमोर चालणारे!”

सून मात्र हसली नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला पुन्हा चष्मा पुसावासा वाटला. “मला एक माणूस हवाय,” ती म्हणाली. “कधीच पोचू नये असा. तो रोज रिजेक्टेडमध्ये सापडलाच पाहिजे. शून्य आलं तर लाल. एक आला तर हिरवं.”

मी नवं कोरं कार्ड घेतलं. आडनावाची जागा रिकामी ठेवली आणि वय लिहिलं दोनशे बारा.

शुक्रवारी दोन वाजता ती परत आली. चपला काढून सरळ टेबलाशी येऊन बसली. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. “कायम नाही केलं. तीन महिने पुढे ढकललंय.”

 मी काहीतरी म्हणायला हवं होतं. पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला.

“बरोबर आहे त्यांचं,” ती म्हणाली. “मीसुद्धा हेच केलं असतं.” मग पर्समधून तिने माझं कार्ड काढलं. ती ते सोबत नेईल असं मला वाटलं नव्हतं. “पण हा माणूस त्यांनी सगळ्यांच्या स्क्रिप्टमध्ये घालायला लावला. तिथल्या तिथे. आणि आणखी दोघांचं हिरवं लाल झालं. त्यातली एक हेडमास्तरांची स्वतःची.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. बराच वेळ समास बघत बसले.”

त्यानंतर प्रोग्रॅमरांनी आडव्या रेघेची गडबड दुरुस्त केली, सॉफ्टवेअर दोन आठवडे उशिरा सुरू झालं, आणि बासष्ट वर्षांच्या माझ्या बाईचा रिपोर्ट रोज डॉक्टरकडे जाऊ लागला. सुनेचे तीन महिने अजून चालू आहेत. त्याचं काय होईल मला माहीत नाही. मी विचारत नाही, ती सांगत नाही. पण आता चहाला बसलो की आम्हाला बोलायला विषय शोधावा लागत नाही.

सकाळी आठ वाजता तिचा ऑफिसचा फोन असतो. परवा मी दाढी करत होतो तेव्हा दार उघडं होतं. पलीकडून कोणीतरी विचारत होतं, “आजोबा सापडले का?”

“सापडले,” सून म्हणाली. “एकटेच आहेत. हिरवं.”

दोनशे बारा वर्षांच्या त्या माणसाला ऑफिसात सगळे आजोबा म्हणतात, असं तिने मला नंतर सांगितलं.  त्याचं कार्ड बिनआडनावाचं असल्यामुळे खोक्यात नेमकं कुठे लावावं हा प्रश्न होता. बराच विचार करून मी ते सगळ्यांच्या पुढे लावलं.